कुठवर तपासलंस?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाकघरापासून मांडवापर्यंत सगळं सांभाळणारे आपले संयोजक मित्र, आणि तीस वर्षांनी एकमेकांना ओळखण्यासाठी चष्मे पुसणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीतली आहेस, तर एआयवर बोल. पोट्ट्यांना आवडते." मी म्हटलं, एआयवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला एका संख्येवर बोलायचं आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं, पण जेवणाच्या आधी संपव."

तर ही ती संख्या. फळ्यावर लिहिते. मोजायला मदत करा.

११११११११११११११११११११

नाही, एक जास्त झाला. पुसते. हं, आता बरोबर एकोणीस.

१११११११११११११११११११

एकोणीस वेळा एक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं, दहं, शतं असं करत संख्यांची अठरा स्थानं सांगितली आहेत. शेवटचं स्थान परार्ध. ही संख्या परार्धाच्याही एक घर पुढे जाते. आणि ती मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. या संख्येशी माझं एक जुनं देणं आहे आणि ते याच शाळेतलं आहे. ते फेडायला मी आज उभी आहे.

नववीतली गोष्ट. १९९४-९५ चं वर्ष. आपला वर्ग मागच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये भरायचा. एमआयडीसीतला भोंगा वाजला की दुपारची सुट्टी जवळ आली हे घड्याळ न पाहता कळायचं. माझे बाबा त्याच एमआयडीसीत लेथवर काम करायचे. एके दिवशी गणिताचे सर वर्गात आले आणि पुस्तक न उघडता म्हणाले, "आज एका मास्तरांची गोष्ट."

ते मास्तर म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी मैत्री केली. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

त्यांचा ६१७४ तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर आपल्या तुकडीचं वर्ष घ्या, १९९६. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९९६१. चढत्या क्रमाने लावा, १६९९. वजा करा, ८२६२. पुन्हा तेच करा. ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा हेच केलं तर पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन थांबता. आपल्या तुकडीला पाच पायऱ्या लागल्या. ठीकच आहे, आपण पहिल्यापासून मधल्या बाकांवरचे.

पण सरांनी त्या दिवशी फळ्यावर दुसरी गोष्ट लिहिली होती, कापरेकरांच्या डेम्लो संख्या. मुंबईपासून तीस मैलांवरच्या रेल्वे स्टेशनावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या स्टेशनचं नाव त्यांनी संख्यांना दिलं. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ वेळा एक घेऊन वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१. डोंगर चढावा आणि उतरावा तसं. दहा वेळा एक घेतले की हातचे येतात आणि डोंगराचा माथा ढासळतो, १२३४५६७९००९८७६५४३२१. आम्ही सगळ्यांनी वहीत करून पाहिलं. गुणाकार करायला कंटाळणारी मुलंसुद्धा त्या दिवशी गुणाकार करत होती.

तास संपताना सरांनी गृहपाठ दिला. "नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या लिहा. दोन एकांपासून वीस एकांपर्यंत. यातल्या मूळ संख्या कोणत्या ते सांगा. जो बरोबर सांगेल त्याला माझ्याकडून पेन."

मला पेन हवा होता. खोटं कशाला बोलू.

सुरुवात सोपी होती. ११ मूळ आहे. सहा एक घेतले तर ते १११ चे दोन तुकडे होतात, म्हणून १११ ने भाग जातो. ११ चे तीन तुकडेही होतात, म्हणून ११ नेही भाग जातो. म्हणजे एकांची संख्याच जर संयुक्त असेल, तर ती मोठी संख्याही संयुक्त. हे माझं मलाच सुचलं आणि मी फार खूश झाले. एकाच युक्तीत ४, ६, ८, ९, १०, १२, १४, १५, १६, १८, २० बाद. राहिले ३, ५, ७, ११, १३, १७ आणि १९ एक. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, बाद. पाच एकांना ४१ ने भाग गेला, ४१ गुणिले २७१, बाद. तेरा एकांना ५३ ने भाग गेला, बाद.

राहिले ७, ११, १७ आणि १९. मी ९७ पर्यंतच्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं. स्वयंपाकघरात कंदिलाशी बसून, कारण वीज गेली होती. आई म्हणाली, "काय करून राह्यली गं एवढं? झोप आता." भाग जात नव्हता. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, "७, ११, १७ आणि १९ वेळा एक या मूळ संख्या आहेत. सर्व संख्यांनी भागून पाहिले."

सर्व संख्यांनी. हे मी लिहिलं.

वही परत आली तेव्हा त्या ओळीपुढे तांबड्या शाईत एकच शब्द होता. "कुठवर?"

सर रागावले नाहीत. वर्गात काही म्हणाले नाहीत. फक्त वही देताना हळू आवाजात विचारलं, "कुठवर तपासलंस?" मी मान खाली घातली आणि म्हटलं, "खूप, सर." ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या वहीकडे वळले. पेन कुणालाच मिळाला नाही.

आता त्या चार संख्यांचं खरं काय ते सांगते. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. मी ९७ ला थांबले. आणखी सत्तावीस भागाकार केले असते तर २३९ हाताला लागली असती, एका संध्याकाळचं काम होतं. अकरा एक म्हणजे २१,६४९ गुणिले ५,१३,२३९. सतरा एक म्हणजे २०,७१,७२३ गुणिले ५,३६,३२,२२,३५७. म्हणजे सतरा एकांना भागणारी पहिली संख्याच वीस लाखांच्या पलीकडे आहे. आणि एकोणीस एक? ती खरोखरच मूळ आहे.

म्हणजे माझ्या चार विधानांपैकी तीन चुकीची आणि एक बरोबर. आणि चारही विधानांमागचा पुरावा अगदी सारखा होता, पंचवीस भागाकार. मित्रांनो, ही गोष्ट कळायला मला बरीच वर्षं लागली. एकोणीस एकांचं उत्तर बरोबर होतं, पण ते माझं नव्हतं.

मग एकोणीस एकांसाठी कुठवर जायला हवं होतं? हे साधं आहे. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला एक तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. आपल्या संख्येचं वर्गमूळ आहे १,०५,४०,९२,५५३ आणि थोडं. म्हणजे एकशे पाच कोटींच्या वर. मी ९७ पर्यंत गेले होते.

पण इथे गणित आपल्याला एक सवलत देतं, आणि ती फार देखणी आहे. १ ला ४१ ने भागा. ०.०२४३९ ०२४३९ असं पाच-पाच अंकांचं आवर्तन येतं. १ ला २७१ ने भागा. ०.००३६९ ००३६९, पुन्हा पाच. कारण ४१ आणि २७१ यांचा गुणाकार पाच एक, आणि त्याला ९ ने गुणलं की पाच नऊ. जी मूळ संख्या पाच एकांना भागते तिचं आवर्तन पाच अंकांत बसतं. आता फर्मा यांनी १६४० मध्ये एका पत्रात लिहिलेला नियम असा परिणाम देतो. २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्या आवर्तनाची लांबी ही त्या संख्येतून एक वजा केल्यावर जे उरतं त्याला नि:शेष भागते. ४१ वजा १ म्हणजे ४०, त्याला ५ ने भाग जातो. २७० ला जातो. सात एकांचे अवयव पाहा, २३८ आणि ४६४८, दोन्हींना ७ ने भाग जातो.

हेच एकोणीसला लावा. एकोणीस एकांना भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिच्या आवर्तनाची लांबी १९ ला भागणारी हवी. १९ स्वतः मूळ, म्हणून लांबी १९ किंवा १. लांबी १ असणारी फक्त ३ आहे, आणि अंकांची बेरीज १९ असल्यामुळे ३ ने भाग जात नाही. म्हणून लांबी १९ च. म्हणजे ती संख्या वजा एक याला १९ ने भाग जातो. शिवाय ती विषम आहे, म्हणून २ नेही जातो. थोडक्यात, ३८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. ३९, ७७, ११५, १५३, १९१, २२९ अशा. बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा नाही.

तरीही एकशे पाच कोटींपर्यंत अशा २,७७,३९,२७७ संख्या येतात. मिनिटाला एक भागाकार, दिवसाला आठ तास, एकही सुट्टी नाही, असं धरलं तर दीडशेहून जास्त वर्षं. त्यातल्या फक्त मूळ संख्या घ्यायच्या म्हटलं तर साधारण तीस लाख उरतात, म्हणजे सतरा वर्षं. पण मग आधी त्या तीस लाखांची यादी कुणीतरी करून द्यायला हवी. संगणक नव्हते त्या काळात गणितज्ञांनी ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं होतं, तेही अर्थातच असे भागाकार करत बसून नव्हे, आणखी हुशार वाटांनी.

१९९८ ला मी नागपूरला इंजिनिअरिंगला गेले. दुसऱ्या सत्रात आम्हाला टर्बो सी शिकवत होते. पहिला मोकळा तास मिळाला तसा मी मूळ संख्या तपासण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ही संख्या दिली. मनात म्हटलं, सर, आता सांगते कुठवर ते. एन्टर दाबलं. क्षणात उत्तर आलं. "मूळ नाही. २ ने भाग जातो."

२ ने! शेवटी एक असलेल्या संख्येला! दुसरीतल्या मुलालाही कळेल की हे अशक्य आहे. मैत्रीण म्हणाली, "मशीन बिघडली असेल." मशीन बिघडली नव्हती. मी प्रोग्रॅमला म्हटलं, तुझ्याकडे असलेली संख्या मला दाखव. त्याने दाखवली.

१११११११११११११११११६८

क्षमस्व, अंक पुन्हा मोजते. या एकोणीस अंकांच्या गडबडीत माझी अजूनही फसगत होते. हं, शेवट बघा फक्त. शेवटचे तीन अंक १११ नाहीत, १६८ आहेत.

झालं होतं असं. त्या वेळच्या त्या मशीनवर साधा पूर्णांक साधारण चारशे एकोणतीस कोटींपर्यंतच मावायचा. म्हणून मी संख्या 'डबल' प्रकारात ठेवली होती. डबल म्हणजे दशांश अपूर्णांक ठेवायचा डबा. त्यात खूप मोठ्या संख्या मावतात, पण त्यांचे पुढचे साधारण पंधरा-सोळा अंकच खात्रीचे. एवढ्या मोठ्या संख्यांपाशी तो डबा १२८ च्या टप्प्यांनी चालतो. एकशे अठ्ठावीसच्या पटीत नसलेली संख्या दिली की तो जवळच्या पटीवर नेऊन ठेवतो, आणि तुम्हाला सांगत नाही. आपली संख्या ५७ ने पुढे सरकली होती आणि सम झाली होती. मशीनने माझ्या संख्येबद्दल उत्तर दिलंच नव्हतं. तिच्या शेजारणीबद्दल दिलं होतं.

यातून सुटका कशी झाली? चौथीतल्या भागाकाराने. आपण मोठा भागाकार कसा करतो? एक अंक खाली घ्यायचा, भागायचं, बाकी ठेवायची, पुढचा अंक खाली घ्यायचा. पूर्ण संख्या डोक्यात ठेवावीच लागत नाही, फक्त बाकी ठेवावी लागते. मी प्रोग्रॅमला तेच शिकवलं. बाकीला दहाने गुण, एक मिळव, भाग, नवी बाकी ठेव, असं एकोणीस वेळा. बाकी लहान असते, ती डब्यात बिनचूक मावते. दुपारच्या सुट्टीत प्रोग्रॅम चालू केला, मॉनिटरवर "कृपया बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवली, आणि संध्याकाळी उत्तर आलं. एकही भाजक नाही. मी लॅबमध्ये एकटीच होते. कुणाला सांगू कळेना. हिंगण्याच्या बसमध्ये उभ्याने येताना माझं मलाच हसू येत होतं.

आज हेच काम तुमच्या हातातला फोन काही सेकंदांत करेल.

या संख्येचे आणखी एक-दोन गुण सांगते. १ ला हिने भागलं तर दशांश चिन्हानंतर अठरा शून्यं आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्यं आणि एक नऊ, असं अनंतापर्यंत. आणि एकोणीस अंकांचं आवर्तन असणारी जगातली ही एकमेव मूळ संख्या आहे. दुसरी नाही आणि असूही शकत नाही, कारण एकोणीस नऊंचे मूळ अवयव दोनच, ३ आणि ही. असा एकटेपणा फार थोड्या मूळ संख्यांना असतो. एका अंकाच्या आवर्तनाची एकटी ३, दोन अंकांची एकटी ११, तीन अंकांची ३७, चार अंकांची १०१. पाच अंकांच्या मात्र दोन आहेत, त्या मघाशी पाहिलेल्या ४१ आणि २७१.

आणि हिचं कुटुंब? नुसत्या एकांच्या मूळ संख्यांमध्ये दोन एकांनंतर थेट एकोणीस, मग तेवीस, मग एकदम तीनशे सतरा, मग एक हजार एकतीस. ही हजार एकतीस अंकांची संख्या मूळ असल्याचं १९८६ मध्ये सिद्ध झालं. त्याच वर्षी देवळालीला कापरेकर गेले. त्यानंतरची, ४९,०८१ एकांची, सिद्ध व्हायला २०२२ उजाडलं. अशा संख्या अगणित आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. हिंगण्यातली एखादी मुलगी करेल तर मला आनंद होईल.

आता देण्याची दुसरी बाजू. ही सांगू की नको, यावर मी प्रवासभर विचार केला. पण स्मरणिकेत नुसती यशं छापली तर तिला स्मरणिका कशाला म्हणायचं.

नोकरीला लागून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी एका पथकाची प्रमुख होते. लोकांनी भरलेल्या पैशांच्या पावत्यांची एक प्रणाली आम्ही तयार केली होती. पावतीचा क्रमांक एकोणीस अंकी. चाचणीची जबाबदारी माझी होती. मी दोनशे नोंदी चालवून पाहिल्या, सगळ्या जुळल्या, आणि मी कागदावर सही केली. "चाचणी पूर्ण." त्या दोनशे नोंदींचे क्रमांक आम्हीच घातलेले होते. सात-सात, आठ-आठ अंकी. टाइप करायला सोपे म्हणून.

प्रणाली सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात तक्रारी यायला लागल्या. एकाने भरलेले पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा दिसत होते. पैसे भरूनही थकबाकीच्या नोटिसा जात होत्या. तक्रारींत एक अर्ज हाताने लिहिलेला होता. एका वयस्कर बाईंचा. त्यांनी तीनदा खेटे घातले होते आणि प्रत्येक वेळी खिडकीवर त्यांना सांगितलं गेलं होतं की तुमची पावती खोटी आहे. त्यांनी मूळ पावती जपून ठेवली होती आणि तिची झेरॉक्स जोडली होती. शेवटी लिहिलं होतं की मी कधी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.

दोन दिवस आम्हाला काही सापडेना. तिसऱ्या रात्री मी सवयीने, अक्षरशः सवयीने, क्रमांकाच्या रकान्यात एकोणीस वेळा एक दाबला आणि तो परत मागवला. पडद्यावर आलेल्या संख्येच्या शेवटी १६८ होतं.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. कुठेतरी मध्ये कुणीतरी क्रमांक डबलमध्ये टाकत होतं. एकशे अठ्ठावीसच्या टप्प्यात येणाऱ्या सगळ्या पावत्या एकच होऊन जात होत्या. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. क्रमांकाला संख्या समजू नका, अक्षरं समजा, इतकीच. निस्तरायला मात्र दोन महिने लागले.

सकाळी बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, "चाचणी झाली होती ना?" खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून "खूप केली होती, सर" बाहेर पडणार होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण कानात दुसराच आवाज आला. मी म्हटलं, "दोनशे नोंदी, आठ अंकांपर्यंत. त्यापुढे मी तपासलं नव्हतं. चूक माझी आहे." त्या वर्षी माझी बढती राहिली. त्या बाईंना दुरुस्तीचं आणि दिलगिरीचं पत्र गेलं, ते मी स्वतः लिहिलं आणि मराठीत लिहिलं.

त्या दिवसापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी "झालं का?" असं विचारत नाही. "कुठवर झालं?" असं विचारते. "सगळं तपासलं" हे वाक्य आमच्या पथकात कुणी लिहीत नाही. किती, कोणतं आणि कुठपर्यंत, हे लिहायचं. न तपासलेलंही लिहायचं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यात नवीन काय? लेथवरचा माल पास करताना आम्हीही आकडे लिहीत होतो. चांगला आहे असं कधी लिहिलं नाही."

तुम्ही म्हणाल, मूळ संख्येचा आमच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध? मघाशी मांडवातल्या चहावाल्याला तुम्ही फोनवरून पैसे दिलेत. बँकेशी होणारं असं बोलणं गुप्त ठेवण्याची एक मोठी पद्धत १९७७ मध्ये शोधली गेली. तिच्या मुळाशी अशा दोन मूळ संख्या असतात, साधारण तीनशे नऊ अंकांची एक, तशीच दुसरी. त्यांचा गुणाकार जगाला दिसतो. त्या दोन संख्या कुणाला दिसत नाहीत, आणि गुणाकारावरून त्या शोधून काढणं आजच्या संगणकांना झेपत नाही. त्या संख्या मूळ आहेत का, हे भागून पाहणं तर अशक्यच. तिथे व्यवहारात संभाव्यतेवर चालणाऱ्या चाचण्या वापरतात. त्या चाचण्या "मूळ आहे" असं छातीठोक सांगत नाहीत. "मूळ नसण्याची शक्यता इतकी नगण्य आहे" असं सांगतात. म्हणजे "कुठवर" याचं उत्तर प्रामाणिकपणे देतात. आणि झटपट, बिनशर्त, शंभर टक्के खात्रीने मूळ संख्या ओळखण्याची रीत असते हे सिद्ध झालं ऑगस्ट २००२ मध्ये, आपल्याच देशात, आयआयटी कानपूरला. मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. त्या दोघांनी त्याच वर्षी बी. टेक. केलं होतं. मीही त्याच वर्षी इंजिनिअर झाले. त्यांनी जगाला हे दिलं आणि मी माझ्या पहिल्या पगारातून आईला मिक्सर दिला. ज्याचं त्याचं.

शेवटचं, आणि मग जेवायला जाऊ. वडाभाताचा वास माझ्यापर्यंतही आला आहे.

समोर शाळेतली आजची मुलं बसली आहेत. बाळांनो, तुमच्या खिशात असं यंत्र आहे की ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर क्षणात देतं. मलाही लॅबमध्ये उत्तर क्षणातच मिळालं होतं, "२ ने भाग जातो". ते चूक आहे हे मला शाळेत शिकलेल्या एका साध्या गोष्टीमुळे कळलं, की शेवटी एक असलेल्या संख्येला दोनने भाग जात नाही. यंत्र वापरा, जरूर वापरा. पण ती एवढीशी गोष्ट स्वतःची स्वतःला माहीत असू द्या.

आणि सर. तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात आणि तुम्हाला ती वही आठवत नसेल. हजारो वह्या तपासल्यात तुम्ही. माझी ती वही घर बदलताना हरवली, पण तांबड्या शाईतला शब्द हरवला नाही. तेव्हा मी "खूप" म्हणाले होते. ते खोटं होतं. ९७ पर्यंत तपासलं होतं, सर.

नंतर मात्र पूर्ण केलं. १,०५,४०,९२,५५३ पर्यंत. भाग जात नाही.

सात, अकरा आणि सतरा एकांचं माझं उत्तर चुकलं होतं, तेव्हा पेन मागणार नाही. पण वहीवर सही तेवढी द्या.